भाऊसाहेबांची गाय

आमच्या नगर जिल्ह्यात ग्रामसेवकाला नावानं हाक मारायची पद्धत नाही. तलाठी असो की ग्रामसेवक, खुर्चीवर बसला की तो भाऊसाहेब. मी पंचविशीच्या आतच भाऊसाहेब झालो. वडिलांच्या वयाची माणसं मला बघून बिडी विझवायची, पारावरून उठून उभी राहायची. असं दोन-चार वर्षं चाललं की माणसाच्या डोक्यात हवा जाते. माझ्याही गेली होती. त्यात स्वभाव मुळातला तापट, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. मी कोणाचं ऐकून घेत नसे आणि मला ऐकवायच्या भानगडीत कोणी पडतही नसे. एक बाई पडल्या. सगळं गाव त्यांना मावशी म्हणायचं, मीही मावशीच म्हणायचो.

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं असेल तेव्हा माझी बदली जिल्ह्याच्या कोरड्या भागातल्या एका लहानशा गावी झाली. मी मूळचा कोल्हारकडचा. प्रवरेचा काठ, पाटाचं पाणी, जिकडं बघावं तिकडं ऊस. आमच्याकडं गवत म्हणजे बांधावरून उपटून फेकायची वस्तू. आणि या गावात सगळी चर्चा गवताची! गावामागं एक लांबलचक टेकडी होती, पार बोडकी. पाऊस पडला की पाणी धडाधड खाली, मातीसकट ओढ्यात, ओढ्यातून पुढच्या गावाला. आमच्या वाट्याला दगड. मार्गशीर्षातच विहिरी तळ दाखवायच्या.

तर गावानं ठरवलं की टेकडी राखायची. तीन वर्षं वर एकही जनावर चरायला न्यायचं नाही. गवत वाढू द्यायचं, पाणी मुरू द्यायचं. दसऱ्यापर्यंत विळासुद्धा लावायचा नाही, दसऱ्यानंतर घरटी रोज एक भारा कापून न्यायचा. ह्या चराईबंदीचा ठराव ग्रामसभेत झाला आणि तो मीच माझ्या हातानं लिहिला. अक्षर माझं सुरेख होतं, हे सांगायला हरकत नाही.

ठराव लिहिताना एका गोष्टीवर सभा अडली. बंदी मोडली तर काय करायचं? सरपंच, त्यांना सगळे तात्या म्हणत, ते म्हणाले, दंड लावा. तेव्हा मागं बायकांत बसलेल्या मावशी उठल्या. साठीच्या आसपासच्या, काटकुळ्या, आवाज मात्र खणखणीत. बौद्धवस्तीत एकट्या राहायच्या, नवरा कधीच वारलेला. म्हणाल्या, "दंड नगं तात्या. पैशावाला रोज दंड भरंल आन रोज चारंल. मरंल कोन, आमी."

"मग काय करायचं?"

"ज्याचं जनावर घावंल त्यानं वर जाऊन एक चर खांदायचा. सोताच्या हातानं. गडी लावायचा न्हाई, पोराला धाडायचं न्हाई. चर झाला की जनावर सुटलं."

चर म्हणजे टेकडीच्या उतारावर आडवा खणलेला लांबट खड्डा. पाणी त्यात अडतं आणि जमिनीत जिरतं. दहा फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट खोल. सभेला ते पटलं. मोडणाऱ्याच्याच हातून टेकडीचं काम होणार, ह्याहून चांगला दंड कुठला? मी लिहून घेतलं: ज्या कोणाचं जनावर टेकडीवर चरताना सापडेल त्यानं स्वतः चर खणावा, तोवर जनावर कोंडवाड्यात राहील. सगळ्यांनी सह्या केल्या, अंगठे दिले.

पण ह्या ठरावाची खरी झळ कोणाला लागली ते सांगायला हवं. ज्यांना शेती होती त्यांना बांधाचा चारा होता, कडबा होता. मावशींना वीतभर जमीन नव्हती. त्यांच्याकडं सतरा शेळ्या होत्या आणि त्या सतराच्या सतरा त्या टेकडीवर जगत होत्या. ठराव झाला त्याच आठवड्यात मावशींनी सगळ्या शेळ्या घोडेगावच्या बाजारात नेल्या आणि विकून आल्या. कोणी त्यांना म्हटलं नव्हतं. उलट तात्या म्हणाले होते, दोन-चार ठेव, बघू कसं करायचं. मावशी म्हणाल्या, दोन ठेवल्या तर दोन चरतील. बाजारातून आल्यावर चार दिवस त्या घराबाहेर आल्या नाहीत. मग ग्रामपंचायतीनं त्यांनाच टेकडीची राखण दिली आणि कोंडवाड्याची किल्लीही. ती किल्ली त्या पदराच्या गाठीत बांधून ठेवायच्या.

राखण कशी करावी ते मावशींकडून शिकावं. हातात काठी, पायात टायरच्या चपला, उजाडायच्या आत टेकडीच्या एका अंगाला आणि दिवस मावळता दुसऱ्या अंगाला. गावातलं प्रत्येक जनावर त्यांना खुरावरून ओळखू यायचं. पहिल्या वर्षात सात जणांनी चर खणले. त्यात एक म्हातारे धनगर आजोबा होते. त्यांचा एक मेंढा चुकून वर गेला होता. चर झाल्यावर तो मोजायला टेप घेऊन मी गेलो. चर भरला साडेनऊ फूट. आजोबा धापा टाकत म्हणाले, "भाऊसायब, जाऊ द्या की." मी म्हणालो, "आजोबा, नियम म्हणजे नियम. दहा म्हणजे दहा." त्यांनी पुन्हा टिकाव उचलला. मी सावलीला उभा राहून बघत होतो. आता हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दुसऱ्या वर्षी माझं बिऱ्हाड गावात आलं. बायको आणि दीड वर्षाची मुलगी. गावाच्या कडेला, टेकडीच्या बाजूला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मुलीच्या दुधासाठी घोडेगावच्या बाजारातून एक जर्सी गाय आणली. दिसायला राजबिंडी, पण खायला राक्षस! कडबा तिला आवडायचा नाही. तोंड फिरवायची. हिरवा चारा गावात मिळेना, आणि मिळवायला फिरायचं म्हणजे भाऊसाहेबांनी दारोदार जायचं. दूध आटत चाललं.

पोळा झाला. तिकडं टेकडीवर गुडघाभर गवत उभं. माझ्या मागच्या दारातून ते डुलताना दिसायचं. एका पहाटे मी उठलो आणि गायीचं दावं सोडलं. बस्स. तिला काही सांगावं लागलं नाही. तासाभरानं आपणहून परत आली, तशी बांधली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं. मावशी पहाटे टेकडीच्या कुठल्या अंगाला असतात हे मला ठाऊक होतं, कारण राखणीच्या वेळा मीच ठरवून दिल्या होत्या. मी दुसऱ्या अंगाला सोडायचो.

मला वाईट वाटत होतं का? खरं सांगतो, अजिबात नाही. मला वाटायचं, बंदी गावासाठी आहे. मी काय गावचा आहे? मी सरकारचा माणूस, आज इथं उद्या तिथं. एका गायीनं टेकडी थोडीच बोडकी होणार आहे? आणि समजलं तरी भाऊसाहेबाला विचारणार कोण? दूध दुपटीनं वाढलं. बायको म्हणाली, "काय हो, गाय एवढी कशी सुधारली?" मी म्हणालो, "पेंड बदलली."

आठ-दहा दिवसांनी मावशी सहज म्हणून आमच्या दारावरून गेल्या. गोठ्याजवळ थांबल्या. खाली शेणाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "भाऊसायब, गायीचं शेन पातळ झालंय. कडब्याचं असं नसतं. हिरवं खाती का काय कुटं?"

"पेंड बदलली मावशी," मी तेच उत्तर दिलं.

त्यांनी गायीच्या पाठीवरून हात फिरवला. "बरं," म्हणाल्या. "मला वाटलं इचारावं." आणि गेल्या. ती मला दिलेली संधी होती, हे न कळण्याइतका मी खुळा नव्हतो. मावशींना सगळं समजलं होतं. पण त्यांनी धरायच्या आधी एकदा दारात येऊन विचारलं. मी तेव्हाच कबूल केलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. मी काय केलं? चार दिवस कळ काढली आणि पाचव्या पहाटे पुन्हा दावं सोडलं.

तो दिवस साधा नव्हता. पाणलोटाच्या योजनेत गाव घ्यायचं की नाही हे बघायला नगरहून मोठे साहेब त्याच दिवशी येणार होते. योजना मिळाली तर टेकडीवर बांध, ओढ्यावर बंधारे, सगळं होणार होतं. चराईबंदी ही योजनेची पहिली अट. मी पहाटेच आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, पुढच्या खोलीत फायलींचा गठ्ठा काढून बसलो. सूर्य वर आला तरी गाय परत आली नाही. बघायला निघालो तर वाटेतच कोणी तरी सांगितलं, "भाऊसायब, तुमची गाय कोंडवाड्यात हाय."

माझ्या मस्तकात अशी तिडीक गेली की विचारू नका. तडक ग्रामपंचायतीच्या मागं गेलो. दगडी भिंतीचा कोंडवाडा, लोखंडी फाटक, आत माझी गाय, आणि फाटकाला पाठ लावून मावशी बसलेल्या. भोवती निम्मं गाव. आणि पलीकडं, टेकडीच्या पायवाटेच्या तोंडाशी, गावातले सगळे शेळ्या-मेंढ्यावाले आपापली जनावरं सोडून घेऊन उभे. साठ-सत्तर जनावरं असतील. पुढं तेच धनगर आजोबा.

तात्यांना घाम फुटला होता. आजोबा त्यांना म्हणत होते, "आमचं भांडान न्हाई तात्या. आमी निस्तं बगतोय. गाय सुटली की आमी बी वर."

म्हणजे गाय चर न खणता सुटली की बंदी त्याच क्षणी संपली. दीड वर्ष राखलेलं गवत एका दिवसात फस्त. मोठे साहेब येऊन बघणार काय, तर लेंड्या. हे तात्यांना कळत होतं, मलाही कळत होतं. पण रागात माणूस आंधळा होतो.

"मावशी, फाटक उघडा," मी म्हणालो.

"चर खांदा, भाऊसायब. लगीच उघडते."

"तुम्हाला कळतंय का कोणाशी बोलताय? मी सरकारी नोकर आहे. मी या गावचा नाही."

"तुमी नसाल. गाय गावचं गवत खाऊन आली."

कोणी तरी फिसकन हसलं. मागून दुसरा कोणी कुजबुजला की भाऊसाहेबाची गाय कोंडायची हिंमत त्या वस्तीतल्या बाईला झालीच कशी. मावशींनी ते ऐकलं. मान वळवून त्या दिशेला बघितलं फक्त. तो माणूस गर्दीत मागं सरकला.

मी मग नको ते बोललो. म्हणालो, "ठीक आहे. मी फायलीवर सही करत नाही. प्रस्ताव माझ्या सहीशिवाय जात नाही. बसा गवत राखत!" तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "मावशे, सोड बाई," ते म्हणाले, "एक डाव. माझ्यासाठी. आज दिवस कसला हाय बघ की."

"म्हनूनच तर," मावशी म्हणाल्या.

मी शेवटचं हत्यार काढलं. "घरात माझी दीड वर्षाची पोर दुधावाचून रडतीय. गायीची धार काढायची राहिलीय. तिच्या तोंडचं दूध काढून घेताय तुम्ही!"

"धार मी काडली," मावशी शांतपणे म्हणाल्या. "गाय कोंडली तवाच. दूध मागल्या दारी वैनींच्या हाती दिलं, मग हितं येऊन बसले. पोरीनं कुटं बंदी मोडलीय?"

तेवढ्यात गर्दीतून माझी बायको आली. कडेवर मुलगी, दुसऱ्या हातात शेजाऱ्यांकडून मागून आणलेला टिकाव. चार लोकांत माझ्यासमोर ती कधी वर मान करून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "काय हो, पेंड बदलली होती ना?" असं म्हणून टिकाव माझ्या पायाशी टाकला. मग जे हशाचं मोहोळ उठलं! धनगर आजोबासुद्धा तोंडाला उपरणं लावून हसले. माझे कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

हसणं थांबलं तेव्हा मावशी उठून माझ्याजवळ आल्या. आता त्यांचा आवाज खाली आला होता. "भाऊसायब, मला वाचता येत न्हाई. तुमी त्या दिशी वाचून दावलं, मी इस्वास ठिवला. सतरा शेळ्या इकल्या त्या इस्वासावर. एकेकीला मी हातानं पाला चारला हुता. आज तुमची गाय अशीच सोडली तर मी त्या कशापायी इकल्या, ते मला सांगा. तेवडं सांगा आन किल्ली घ्या."

त्यांनी खरोखरच पदराची गाठ सोडली आणि किल्ली तळहातावर धरून माझ्यापुढं केली. बोलताना बाई पहाडासारखी उभी होती, पण मूठ सताड उघडी होती. तो हात बघितला आणि माझा राग कुठल्या कुठं गेला. त्याच्या जागी जे आलं त्याला शरम हा शब्द फार लहान आहे.

किल्ली मी घेतली नाही. तेवढ्यात बीडीओ साहेबांची जीप आली. मोठ्या साहेबांच्या आधी येऊन सगळं ठाकठीक आहे ना ते बघायला आमचे तालुक्याचे साहेब आले होते. गर्दी बघून, गाय बघून, प्रकार ऐकून ते माझ्याहून भडकले. "ए बाई, दे ती किल्ली! दुपारी साहेब पोचताहेत आणि तुम्ही लोकांनी काय तमाशा लावलाय?"

मावशींनी मूठ मिटली. "किल्ली गावची हाय, सायेब."

"उद्यापासून तुला राखणीवरून काढून टाकतो."

"उंद्या काढा. आज मी हाय."

साहेब माझ्याकडं वळले. "आणि तुम्ही काय बघत उभे आहात? तुमची गाय नाही असं सांगून मोकळे व्हा. चुकून सुटली म्हणा. काही तरी म्हणा!"

सोपं होतं. चुकून सुटली. गावातल्या अर्ध्या लोकांनी ते मानलंही असतं, कारण मानणं त्यांना सोयीचं होतं. मी मावशींकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, पायवाटेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या शेळ्यांकडं बघत होत्या.

"गाय माझी आहे साहेब," मी म्हणालो. "चुकून सुटली नाही. मी सोडली. पोळ्यापासून सोडत होतो."

साहेब काय काय बोलले ते आता आठवत नाही. नोटीस, शिस्तभंग, असे शब्द होते. मी टिकाव उचलला, इस्त्रीचा शर्ट काढून बायकोच्या खांद्यावर टाकला आणि बनियनवर टेकडी चढायला लागलो. शेळ्या-मेंढ्यावाल्यांनी बाजूला होऊन वाट दिली. पण कोणीही जनावरं माघारी वळवली नाहीत. मी अर्ध्यावर सोडून पळेन, असंच त्यांना वाटत असावं. त्यांची काय चूक?

मुरमाची जमीन म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. प्रवरेकाठच्या काळ्या मातीत वाढलेला मी. पहिलाच टिकाव मारला तो खण्णकन उडून परत आला आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. पंधरा मिनिटांत हाताला फोड आले, अर्ध्या तासात फुटले. मावशी काठी घेऊन थोड्या अंतरावर बसल्या होत्या. एकदाही म्हणाल्या नाहीत की बास झालं. मदतही केली नाही. फक्त तांब्या भरून जवळ ठेवला. अर्धा चर झाला तेव्हा मी मान वर केली तर धनगर आजोबा हळूहळू चढून आले होते. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. "असा उभा मारू नगा," म्हणाले, "तिरपा मारा. कमरेतनं वाका." मी तिरपा मारायला लागलो. आजोबा उतरून गेले.

दुपारी मोठे साहेब आले तेव्हा माझा चर सात-आठ फुटांवर आला होता. चष्मा लावलेले, सडपातळ, वयानं माझ्याएवढेच. बीडीओ साहेब त्यांना लांबूनच दुसऱ्या बाजूला वळवायला बघत होते. पण बंदीची टेकडी बघायलाच तर ते आले होते. ते सरळ माझ्यापाशी येऊन थांबले. मी घामानं निथळत होतो, बनियन मातीनं माखलेलं.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"मजूर आहे साहेब," आमचे साहेब चटकन म्हणाले.

"मजूर कुटला?" मावशी उठल्या. "आमचे भाऊसायब हायेत. गाय चारली वर, म्हून चर खांदत्यात. गावात जो चारंल त्यो खांदतो."

आता नोकरी गेली, असं मी मनाशी धरलं आणि टिकाव खाली ठेवला. मोठ्या साहेबांनी चराकडं बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं. मग मावशींना विचारलं, "किती राहिलाय?"

"दीड हात."

"साहेब, पुढचा कार्यक्रम आहे, तीन गावं व्हायची आहेत," बीडीओ साहेब घाईनं म्हणाले. "राहिलेला ते नंतर..."

"आजी, चर अर्धवट असला तर गाय सोडता?" मोठ्या साहेबांनी मावशींनाच पुन्हा विचारलं.

"न्हाई सायेब. कुनाचीच न्हाई सोडली."

"मग पूर्ण होऊ द्या," ते म्हणाले आणि एका दगडावर बसले. बाकीचे साहेबलोक इकडंतिकडं उभे राहिले. मी टिकाव उचलला. तो दीड हात मी कसा खणला ते माझं मला माहीत. डोळ्यांत घाम जात होता, हात पार सोलले होते, आणि एवढी माणसं गप्प बसून एका ग्रामसेवकाचं खणणं बघत होती. पण एक सांगतो, आयुष्यात कागदावर हजारो सह्या केल्या, त्यातल्या कुठल्याही सहीपेक्षा ते काम जास्त मन लावून केलं. झाल्यावर मावशींनी टेप लावला. दोन्ही टोकं नीट बघितली. खोलीही बघितली. म्हणाल्या, "झाला."

तेवढ्यात खाली गलका झाला म्हणून सगळ्यांनी वळून बघितलं. धनगर आजोबांनी आपली मेंढरं वळवली होती, गावाकडं. त्यांच्या मागं दुसरा वळला, मग तिसरा. हुर्र हुर्र करत, काठ्या आपटत, साठ-सत्तर जनावरं पायवाटेच्या तोंडाशी आलेली, एकेक करून घरच्या वाटेला लागली. टेकडीवर एकही चढलं नाही. गवत जसंच्या तसं उभं.

मावशी ते बघत राहिल्या. शेवटची शेळी घरांच्या आड जाईपर्यंत बघत राहिल्या. मग मटकन खाली बसल्या, मी खणलेल्या चराच्या काठावरच, आणि पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागल्या. शेळ्या विकल्या तेव्हा चार दिवस दार लावून घेतलेली बाई, सगळ्या गावासमोर, साहेबांसमोर, पोरीसारखी रडत होती. मी खड्ड्यातच उभा होतो, वाकलो तसं माझं तोंड त्यांच्या तोंडासमोर आलं. त्यांनी माझा मातीनं भरलेला हात धरला.

"माज्या शेळ्या वाया न्हाई गेल्या, भाऊसायब," त्या म्हणाल्या. "न्हाई गेल्या वाया."

मी तसाच खड्ड्यात उभा राहून दुसऱ्या हातानं डोळे पुसत राहिलो.